दुसरी रिंग

कोच्कोर गावात इस्मान उस्ताचा, म्हणजे तिथल्या जुन्या मेकॅनिकचा, अंगठा प्रसिद्ध होता. ऑईल बदलायला आलेल्या गाडीचा जुना फिल्टर काढला, की इंजिनावरची त्याची गोल बैठक तो आधी फडक्याने पुसायचा आणि मग तिच्यावरून अंगठा फिरवायचा, एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. जुन्या फिल्टरची रबरी रिंग कधीकधी बैठकीलाच चिकटून राहते. काळ्यावर काळी, गाडीखालच्या खड्ड्यातल्या अंधारात ती दिसत नाही. ती तशीच राहिली आणि वर नवा फिल्टर चढवला, की एकीवर एक अशा दोन रिंगा बसतात. आठ-दहा दिवस गाडी छान पळते. मग एखाद्या चढावर इंजिनाला जोर आला, की त्यातली एक रिंग सटकते आणि मिनिटभरात सगळं ऑईल रस्त्यावर. गेली पस्तीस वर्षं इस्मान हे येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत आला होता. शहरात शिकून आलेल्या, नुसत्या डोळ्यांवर भरवसा ठेवणाऱ्या मेकॅनिक लोकांची तर तो यथेच्छ टिंगल करायचा.

केरिमकुलच्या गाडीच्या वेळी हा अंगठा फिरायचा राहिला. निमित्त झालं नानच्या एका तुकड्याचं.

जुना फिल्टर नुकताच उतरला होता आणि शेजारची सेयिल भिंतीपाशी येऊन उभी राहिली. तिच्या नातवाला त्या दिवशी पाळण्यात घालायचं होतं. ती म्हणाली, उस्ता, नान तरी चाखून जा. कामाला नाही म्हणता येतं, फौजदाराला वेळ नाही म्हणून सांगता येतं, पण समोर आलेल्या नानला नाही म्हणता येत नाही. उंबऱ्यातच एक तुकडा तोंडात टाकायचा आणि परतायचं, अशा बेताने इस्मान गेला. पण आतून कोणीतरी वर या, वर बसा म्हणालं, मग मटण आलं, आणि सगळ्यांत वडील माणूस हात वर करून आशीर्वाद देत नाही तोवर पंगतीतून उठायची सोय नाही. तो वडील माणूस त्या दिवशी भारीच बोलका निघाला. इस्मान परत आला तेव्हा दोन तास उलटले होते. केरिमकुलची सून बुरुल दुपारच्या फेरीसाठी गाडीची वाट बघत अंगणात उभी होती. ती घाई कर म्हणाली नाही. त्याने नव्या फिल्टरच्या रिंगेला ऑईलचं बोट लावलं, फिल्टर हाताने घट्ट आवळला, ऑईल ओतलं आणि गाडी सोडली. बोट लावलेलं त्याला पुढेही नीट आठवत होतं. अंगठा काही केल्या आठवत नव्हता.

गाडी कोणाची, हेही इथे सांगायला हवं. केरिमकुलने तीस वर्षं डोलोनच्या खिंडीतून ट्रक हाकले होते. नजर अधू झाल्यावर तो घरी बसला, पण तोंड काही घरी बसलं नाही. माक्सात नावाचा त्याचा मुलगा रशियात इमारतींच्या कामावर. गाडी दारात गंजत पडण्यापेक्षा मी चालवते, असं बुरुल म्हणाली तेव्हा म्हाताऱ्याने तीन दिवस तिच्याशी अबोला धरला. शेवटी माक्सातने फोनवरून गळ घातली म्हणून किल्ली मिळाली, तीही अशी, की रोज संध्याकाळी ती परत सासऱ्याच्या हातात पडली पाहिजे. पुढची दोन वर्षं बुरुल कोच्कोर ते नारिन प्रवासी नेत होती. स्टँडवर एवढ्या ड्रायव्हर लोकांत ती एकटी बाई. बायकांना आरसा दिला की त्या मागचा रस्ता नाही, स्वतःचं तोंड बघतात, असले टोमणे तिने पहिलं वर्षभर खाल्ले. पण तान्ही मुलं घेतलेल्या आया आणि नारिनच्या इस्पितळात जाणाऱ्या म्हाताऱ्या तिच्याच गाडीसाठी थांबून राहायला लागल्या. हळूहळू लोक त्या गाडीला बुरुलची गाडी म्हणू लागले. केरिमकुलची गाडी कोणी म्हणेना, आणि हे म्हाताऱ्याला आत कुठेतरी खुपत होतं.

ऑईल बदलल्यावर नवव्या दिवशी, नारिनहून परत येताना डोलोनच्या चढावर, ऑईलचा लाल दिवा लागला. गाडीत सहा माणसं. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी, खाली बर्फ, आणि मागे कोळशाने भरलेला ट्रक अगदी चिकटून. तिथे ब्रेक दाबला असता तर तो ट्रक आत शिरला असता. बुरुलने पुढच्या रुंद वळणापर्यंत गाडी नेली आणि बंद केली. तीन-चारशे मीटर असतील. तेवढ्यात इंजिन खडखडायला लागलं होतं, आणि गाडी थांबता थांबता ते जाम झालं. ऑईलशिवाय इंजिन तेवढंही सोसत नाही.

स्टँडवरच्या तालाय ड्रायव्हरने गाडी टोचन करून आणली आणि इस्मानच्या खड्ड्यावर उभी केली. इस्मान दिवा घेऊन खाली उतरला. गाडीचं पोट ऑईलने माखलं होतं. त्याने फिल्टरला हात घातला आणि हात लावताक्षणीच त्याला कळलं. फिल्टरच्या कडेतून एक रिंग फाटक्या ओठासारखी बाहेर लोंबत होती. फिल्टर काढला तर दुसरी वर बैठकीला चिकटलेली. त्याने ती नखाने सोलून काढली. दोन्ही रिंगा तळहातावर घेऊन तो खड्ड्यात तसाच उभा राहिला, आणि त्याच्या मनात पहिला विचार आला तो हा, की हे वरून कोणाला दिसलं तर नसेल ना. पुढे त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली ती या पहिल्या विचाराची.

खड्ड्यातून वरच्या माणसांचे फक्त बूट दिसतात. एका बाजूला केरिमकुलचे जुने उंच बूट होते, जरा अंतर ठेवून बुरुलचे, घोट्यापर्यंत चिखलाचे.

"काय झालंय, उस्ता?" केरिमकुलने वरून विचारलं.

इस्मानने रिंगा खिशात टाकल्या.

"खालून कशाचा तरी मार बसलाय," तो म्हणाला. "दगडाबिगडाचा."

"दगड कोणालाही लागतो. मला एवढंच सांगा, दिवा लागल्यावर थांबायला नको होतं?"

"दिवा लागला की थांबायलाच हवं."

हे वाक्य खरं होतं. कोणत्याही मेकॅनिकने, कोणत्याही गावात, हेच सांगितलं असतं. अता, म्हणजे बाबा, अशी हाक मारून बुरुल वरून म्हणाली, की मागे ट्रक होता, मी जागा मिळाल्याबरोबर थांबले. केरिमकुल म्हणाला, तीस वर्षं माझ्याही मागे ट्रक होते. मग म्हाताऱ्याने हात पुढे केला असावा, कारण किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात पडल्याचा आवाज खाली ऐकू आला. संध्याकाळ व्हायला अजून पुष्कळ अवकाश होता. चिखलाचे बूट थोडा वेळ जागचे हलले नाहीत, मग वळले आणि फाटकाकडे गेले.

इस्मान खड्ड्यातून वर आला असता आणि हाक मारली असती, तर गोष्ट तिथेच मिटली असती. तो मूग गिळून खाली उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याने इंजिन उघडलं. बेअरिंग पार खाल्लेली, क्रँकवर चरे, एक रॉड तापून निळा पडलेला. दुरुस्तीला काही उरलंच नव्हतं. त्याने राजधानीतल्या ओळखीच्या माणसाकडून चालू स्थितीतलं जुनं इंजिन मागवलं, आणि बसवण्याचा एक पैसाही घेणार नाही म्हणून सांगितलं. आपण हे का करतोय ते त्याला पक्कं ठाऊक होतं. गावाला ठाऊक नव्हतं, त्यामुळे गावाने त्याला डोक्यावर घेतलं. मुलगा परदेशात, सुनेने गाडीची वाट लावली, आणि बघा, उस्ता म्हाताऱ्यासाठी फुकट राबतोय. बाजारात माणसं त्याचा हात हातात घेऊन बोलायची. असं कोणी बोललं, की त्या रात्री इस्मान ताटावरून अर्धा उठे.

इकडे सगळं खापर बुरुलच्या डोक्यावर फुटलं. केरिमकुल रोज स्टँडवर जाऊन बसायचा आणि तीच गोष्ट सांगायचा. दर वेळी तीन-चारशे मीटरमध्ये थोडी भर पडायची. आठवड्याभरात त्याचे दोन किलोमीटर झाले आणि बुरुल फोनवर बोलत होती, असंही त्यात कुठून तरी घुसलं. माक्सातनेसुद्धा रशियातून बायकोला विचारलं, खरं सांग, बोलत होतीस का? हे तालायने इस्मानला हसत हसत सांगितलं. तालाय माणूस वाईट नव्हता, पण बोलायला लागला की त्याला लगाम नसे. त्यानेच पुढे सांगितलं, की गाडी झाली की केरिमकुल ती आता त्यालाच चालवायला देणार आहे. बुरुल घरी लोकरीचे नमदे लाटते.

एकदा ती इस्मानकडे आली. सासऱ्याने उस्तासाठी दुपारचं जेवण धाडलं होतं. डबा बाकावर ठेवून ती उघड्या इंजिनाकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "उस्ता, एक विचारू? मी ट्रकपुढेच थांबायला हवं होतं का?"

इस्मानचा हात खिशाकडे गेला. रिंगा तिथेच होत्या. फेकून द्यायला त्याचा हात धजत नव्हता आणि दाखवायलाही.

"जाऊ दे आता," तो म्हणाला. "झालं ते झालं."

"नाही, मला कळायला हवं. मी रोज तेच आठवते. कधी वाटतं, दिवा लागला आणि मी लगेच बघितला. कधी वाटतं, आधीपासूनच लागला असेल."

"विचार करू नकोस एवढा."

ती मान हलवून गेली. डब्यातलं जेवण इस्मानने कुत्र्यापुढे ओतलं. पस्तीस वर्षांत त्याने माणसांना गाड्यांबद्दल पुष्कळ सांगितलं होतं, पण जे सांगायलाच हवं होतं ते सांगायची वेळ आली आणि त्याने 'जाऊ दे' म्हटलं. खोटं बोलण्यापेक्षाही हे वाईट होतं, कारण ती आता स्वतःच्या डोळ्यांवरच संशय घ्यायला लागली होती, आणि तो ते समोर उभा राहून बघत होता.

त्याच्या बायकोने, कालिपाने, धुवायला घेताना कोटाचे खिसे रिकामे केले. ती मेकॅनिकची बायको; दोन रिंगा एकत्र कशा निघाल्या हे तिला सांगावं लागलं नाही. संध्याकाळी जेवताना तिने त्या त्याच्या ताटाशेजारी ठेवल्या. इस्मानने सगळं सांगितलं. कालिपाने पूर्ण ऐकून घेतलं.

"मला सांगून काय उपयोग?" ती म्हणाली आणि भांडी उचलून गेली.

बाविसाव्या दिवशी ते दुसरं इंजिन सुरू झालं. केरिमकुल इतका खूश झाला, की त्याने मेंढी कापली आणि इस्मानला घरी बोलावलं. जायच्या आधी इस्मानने मनाशी बेत पक्का केला. सांगायचं, सगळ्यांसमोर सांगायचं. फक्त जरा बेताने सांगायचं, की काल बैठक साफ करताना रिंग हाताला लागली, तेव्हा लक्षात आलं. चूक कबूल होईल, बुरुलला किल्ली मिळेल, आणि अब्रू निम्मी तरी शिल्लक राहील. एवढं ठरवल्यावर त्याला त्या दिवशी चांगली भूक लागली, हेही खरं.

केरिमकुलने त्याला मानाच्या जागी, दारासमोरच्या भिंतीशी बसवलं. तालायही आला होता. गाडीची किल्ली न्यायला आला होता, आणि लाज वाटू नये म्हणून साखरेचा पुडा घेऊन आला होता. बुरुल दाराजवळ समोवारपाशी बसून चहा ओतत होती. केरिमकुलने उस्ताच्या हाताची तारीफ सुरू केली, आणि पस्तीस वर्षांत याच्या हातून एक गाडी बिघडलेली दाखवा, असं तो तालायला म्हणाला, तेव्हा इस्मानने दोन्ही रिंगा खिशातून काढून दस्तरखानावर, जेवणाच्या अंथरलेल्या चादरीवर, नानशेजारी ठेवल्या.

"ही गाडी बिघडली," तो म्हणाला. "दगड लागला नव्हता. जुनी रिंग मी काढली नाही, तिच्यावरच नवा फिल्टर बसवला. ऑईल त्यामुळे गेलं. ट्रकपुढे ती थांबली असती तरी इंजिन वाचलं नसतं, माणसं तेवढी मेली असती."

मग केरिमकुल हसायला लागला. डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसला.

"बघितलंस, तालाय? याला म्हणतात माणूस. फुकट राबला, आणि आता माझ्या सुनेचा गुन्हा पण स्वतःवर घेतोय."

"उस्ताचा अंगठा चुकला म्हणे," तालाय म्हणाला. "मग उद्या सूर्य पण मावळतीकडून उगवेल."

"अता, मी खरं सांगतोय. या बघा रिंगा."

"अशा रिंगा तुमच्या डब्यात शंभर असतील, उस्ता. तिला पाठीशी घालू नका. तिला घडलेली अद्दल बरी आहे." केरिमकुलने रिंगा उचलून लाडाने इस्मानच्या हातात परत दिल्या, मटणाचा चांगला तुकडा त्याच्यापुढे सरकवला, आणि दुसऱ्या हाताने कोटाच्या खिशातून किल्ली काढून तालायला द्यायला हात पुढे केला.

इस्मान त्या तुकड्याकडे बघत राहिला. ज्या नावासाठी तो बावीस दिवस गप्प बसला, तेच नाव आता त्याचं खरं ऐकू देत नव्हतं. शपथ घ्यावी तर तीही चांगुलपणातच जमा होणार. त्याला वाटलं, आपण सांगून टाकलं आहे, आता हे विश्वास ठेवत नाहीत त्याला आपण काय करणार? आणि एवढं वाटल्याबरोबर त्याला हलकंही वाटलं. तेवढ्यात दाराकडून आवाज आला.

"कधी सापडल्या?"

वडीलधारे बोलत असताना सुनेने मधे बोलायची रीत नाही. केरिमकुलचा हात किल्लीसकट तसाच थांबला. बुरुलने नजर खाली घातली नव्हती. ती सरळ इस्मानकडे बघत होती.

"रिंगा कधी सापडल्या, उस्ता?"

'काल' हा शब्द त्याच्या जिभेवर तयार होता. घरून निघाल्यापासून तयार होता.

"गाडी टोचन करून आणली त्या दिवशी," इस्मान म्हणाला. "मी खड्ड्यात होतो. तू वर उभी होतीस. तुझे बूट चिखलाने भरले होते. रिंगा मी खिशात टाकल्या आणि मग अतांना म्हणालो, की दगड लागला. तू डबा घेऊन आलीस आणि मला विचारलंस, तेव्हाही खिशातच होत्या."

केरिमकुलचं हसू हळूहळू उतरलं. दुसऱ्याचा गुन्हा अंगावर घेणारा भला माणूस चूक माझी, एवढंच सांगून थांबतो. एवढं काळं त्यात कोणी पदरचं मिसळत नाही. म्हाताऱ्याची नजर अधू होती, पण हे त्याला दिसलं.

"मी तिला काय काय बोललो, स्टँडवर काय सांगत फिरलो, ते तुमच्या कानावर होतं?"

"होतं."

"रोज?"

"रोज."

केरिमकुलने पुढे केलेला हात मागे घेतला. तालायने साखरेचा पुडा उगाच इकडचा तिकडे सरकवला. म्हाताऱ्याने किल्ली मुठीत आवळली, मग ती दस्तरखानावर ठेवली आणि दोन बोटांनी दाराच्या दिशेने ढकलली. सुनेकडे त्याने बघितलं नाही. ते त्याला जमलं नाही.

बुरुलने किल्ली लगेच उचलली नाही.

"मला खरंच वाटायला लागलं होतं," ती म्हणाली, "की दिवा मला आधी दिसला होता आणि मी थांबले नाही. काल माक्सातला फोनवर तसं कबूल पण केलं मी."

मग ती उठली आणि इस्मानपुढचा पेला घेऊन समोवारपाशी गेली. इकडे पाहुण्याला चहा नेहमी अर्धाच ओततात, पुन्हा पुन्हा ओततात, म्हणजे तो बसून राहावा. भरून दिला, तर पी आणि नीघ. तिने पेला अगदी काठोकाठ भरला, दोन्ही हातांत धरून सावकाश आणला आणि त्याच्यापुढे ठेवला. एक थेंबही सांडू दिला नाही.

केरिमकुलने ते बघितलं आणि तिला टोकलं नाही.

इस्मानने चहा निवायची वाट बघितली नाही. जीभ पोळली तरी त्याने तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला, टोपी उचलली आणि तो दाराकडे निघाला. त्याला जायला वाट मिळावी म्हणून बुरुल जरा बाजूला सरकली.